सेटची बैठक

स्थळं सुचवणाऱ्या मंडळींकडे पूर्वी प्रश्नांची यादीच असायची. नोकरी कायम आहे का, घर स्वतःचं की भाड्याचं, शेती किती, त्यातली बागायती किती, धाकट्या बहिणींची लग्नं उरकलीत का. आता एवढा दम कोणाला? "मुलगा सेट आहे ना?" एवढं विचारलं की झालं. उत्तरही तितकंच आटोपशीर येतं, "अहो, एकदम सेट!" यात फ्लॅट येतो, फ्लॅटचे हप्ते येतात, असल्यास व्हिसा येतो. मुलगा माणूस म्हणून कसा आहे ते तेवढं येत नाही, पण ते जुन्या यादीतही नव्हतं.

हा शब्द नुसता लग्नाच्या बाजारात असता तर त्याच्याकडे काणाडोळा करता आला असता. पण सकाळचा अलार्म सेट केलेला असतो. रात्री विरजण लावलेलं दही सेट झालेलं असतं किंवा नसतं. सलूनमध्ये दाढी करायची पद्धत मागे पडली. आता ती सेट करतात, म्हणजे होती तशीच ठेवतात आणि वर पैसे घेतात. गॅरेजवाला क्लच सेट करतो, उडप्याकडे सेट डोसा मिळतो, सोनाराकडे सेट मिळतो आणि मालिकांचे कलावंत रात्रंदिवस सेटवर असतात. क्रिकेटमध्ये बॅट्समन सेट झाला असं कॉमेंटेटरने म्हणायचा अवकाश, की तो पुढच्या चेंडूवर परत निघतो.

शिवाय महाविद्यालयात शिकवायची पात्रता देणारी राज्याची सेट परीक्षा आहेच. त्यामुळे आपल्याकडे कितीतरी प्राध्यापक असे आहेत जे सेट झालेत, पण अजून सेट झालेले नाहीत. परीक्षेचं प्रमाणपत्र कपाटात आणि नोकरी तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. "सेट झालोय, पण सेट नाही" हे वाक्य मराठी माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. अस्सल इंग्रजाला मात्र ते खुर्ची देऊन, चहा पाजून, सावकाश समजवावं लागेल.

अर्थात आपल्याच शब्दांनी घायकुतीला येण्याची इंग्रजांना सवय आहे. मोठमोठे, विद्वान दिसणारे शब्द कोशकारांना कधीच त्रास देत नाहीत. त्यांना एक अर्थ असतो, तो लिहिला की शब्द गप्प बसतो. छळतात ती चिटुकली क्रियापदं. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली जो प्रसिद्ध कोश काढला, त्यात 'टेक' या एका क्रियापदाने पाच पानं खाल्ली आणि १३४ अर्थ वसूल केले. 'टेक' म्हणजे घेणे, तेव्हा त्याने घेतलं यात नवल नाही.

पुढे लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळाने नव्या, संपूर्ण कोशाचा घाट घातला, तो १८५७ साली. (त्याच साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती छापून बाहेरसुद्धा पडली. लोक मोल्सवर्थला 'मोलेसरशास्त्री' म्हणत. ही तुलना केवळ माहितीसाठी दिली आहे, कॉलर ताठ करण्यासाठी नाही.) या इंग्रजी, म्हणजे ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग यायला १८८४ उजाडलं. तो भाग 'ए'पासून 'अँट'पर्यंत होता. अँट म्हणजे मुंगी, आणि पुढचा वेगही मुंगीचाच राहिला. कोश पुरा झाला १९२८ मध्ये. तोवर मुख्य संपादक जेम्स मरे यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.

मरेसाहेबांनी ऑक्सफर्डला घराच्या बागेत पत्र्याची एक शेड उभारली. तिच्यात देशोदेशींहून आलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या खणाखणांत लावलेल्या असत. शेडमुळे आपल्या घरातून दिसणारा देखावा बिघडतो अशी शेजाऱ्याने तक्रार केली. शेजारी ही जमात जगभर सारखीच. शेवटी खड्डा खणून शेड काही फूट जमिनीच्या आत बसवण्यात आली. शेजाऱ्याचा देखावा वाचला, पण शेडमध्ये ओल आणि असा गारठा की वाऱ्याच्या झोतापासून वाचवायला मरे पाय एका खोक्यात घालून काम करत. जगातला सर्वांत मोठा इंग्रजी कोश असा खोक्यात पाय घालून लिहिला गेलाय. आपल्याकडच्या एखाद्या मंडळाचं काम रखडलं तर निदान खोक्याची चौकशी करायला हरकत नाही.

'एस' अक्षराचा सुरुवातीचा भाग, म्हणजे आपला 'सेट', वाट्याला आला हेन्री ब्रॅडली यांच्या. हे गृहस्थ आधी शेफिल्डमध्ये सुऱ्या-काटे बनवणाऱ्या एका पेढीत वीस-एक वर्षं पत्रव्यवहाराचे कारकून होते. कोशाच्या पहिल्या भागावर त्यांनी लिहिलेलं परीक्षण इतकं मुद्देसूद होतं की मरेंनी परीक्षकालाच कामाला जुंपलं. आपल्याकडे सडेतोड परीक्षण लिहिणाऱ्याला पुढच्या वर्षी पुस्तक पाठवत नाहीत. तर काट्या-चमच्यांच्या सेटच्या धंद्यातून आलेल्या माणसापुढे 'सेट'च वाढून ठेवला होता. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत या एका क्रियापदाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची भरली. नुसत्या क्रियापदाचे अर्थ ४३०, जोडशब्दांचे आणि वाक्प्रचारांचे धरून ५८०च्या आसपास. साठ हजार शब्द म्हणजे चांगली भरघोस कादंबरी झाली. फरक इतकाच, की या कादंबरीचा नायक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत काही ना काही कुठेतरी ठेवतो आहे.

कारण मुळात त्याचं काम तेवढंच. जुन्या इंग्रजीत 'सित्तान' म्हणजे बसणे आणि 'सेत्तान' म्हणजे दुसऱ्याला बसायला लावणे. शाळेत आपण प्रयोजक क्रियापद शिकलो, करणे-करवणे, बसणे-बसवणे, त्यातलाच हा प्रकार. 'सिट'चं प्रयोजक ते 'सेट'. शिक्षक 'सिट डाऊन' म्हणून जे काम करतात, त्याला सेट म्हणायला हरकत नाही.

आणि या दोघांचा मूळ धातू आपल्या ओळखीचा, नव्हे, आपल्या घरातला निघतो. संस्कृतातला 'सद्' आणि हा सिट-सेट एकाच आजोबांची नातवंडं. 'सद्' म्हणजे बसणे. त्यातून सदन, सदस्य, सभासद, परिषद, संसद. लोक एकत्र येऊन बसतात ती संसद. नावात फक्त बसणं आहे, उठून हौद्यात धावण्याची तरतूद व्युत्पत्तीत नाही. गुरूच्या जवळ खाली बसून ऐकायचं ते उपनिषद. पाण्यातला गाळ तळाशी बसला की पाणी निवळतं, ते प्रसन्न. वर्तमानपत्रात 'प्रसन्न वदनाने' हातात नारळ घेतलेल्या पुढाऱ्यांचे फोटो येतात, तेव्हा गाळ नेमका कुठे बसला असेल हे ज्याचं त्याने ठरवावं.

लॅटिनकडच्या चुलत घराण्यातही हेच. पुढे बसतो तो प्रेसिडेंट. बसकण चालू असते ते सेशन. न्यायाधीशाच्या शेजारी बसून कराचे आकडे लावण्यावरून असेसमेंट, आणि आपण तरी काय म्हणतो? कर बसला! एखादी गोष्ट डोक्यातून जातच नाही, ते ऑब्सेशन. हा शब्द वेढा घालून समोर ठिय्या देण्यावरून आला आहे. आपल्याकडचं भूत याहून धीट, ते समोर न बसता थेट मानगुटीवर बसतं. इंग्रजीत काजळीला 'सूट' म्हणतात, तोही याच घराण्यातला, कारण काजळी बसते. पक्ष्याचं 'नेस्ट' आणि संस्कृत 'नीड' हे तर जुळे भाऊ, दोन्हींचा अर्थ खाली बसायची जागा.

या साऱ्या गोतावळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो शब्द 'पीडा'. तिच्याही पोटात हाच बसण्याचा धातू दडलेला आहे असं व्युत्पत्तिकार सांगतात. वर बसून दाबणे, ती पीडा. हे वाचल्यापासून आमच्या नात्यातल्या ज्या एका काकांना घरात सगळेच "पीडा आली" म्हणतात, त्यांच्याबद्दलचं माझं मत बदललंय. ते येतात आणि बसतात, यापलीकडे काहीही करत नाहीत. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचं वागणं बिनचूक आहे.

आता गंमत अशी, की 'सद्' इतका पसरला, पण आपलं रोजचं 'बसणे' मात्र त्याच्यापासून आलं नाही. ते आलं 'उपविश्' या दुसऱ्याच धातूपासून. प्राकृतात त्याची टोकं घासली, जुन्या मराठीत त्याचं 'बैसणे' झालं आणि मग 'बसणे'. हे दोन्ही धातू एकत्र बघायचे तर गीतेच्या पहिल्या अध्यायाशी जावं. अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग. विषादात 'सद्' आहे, मन खाली बसणे तो विषाद. आणि अध्यायाच्या शेवटी धनुष्य टाकून अर्जुन रथात बसतो, तिथे 'उपविश्' आहे. आज कोणी सांगायला घेतलं तर म्हणेल, अर्जुन अपसेट झाला आणि खाली बसला. व्याकरणदृष्ट्या यात खोट काढता येणार नाही.

'अपसेट'चं चरित्रही ऐकण्यासारखं आहे. पंधराव्या शतकात त्याचा अर्थ होता उभा करणे, वर उचलून ठेवणे, म्हणजे आजच्या अर्थाच्या बरोब्बर उलट. उलथून टाकणे हा अर्थ ठाम झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. जो शब्द उभं करायचा तोच आडवा पाडू लागला. राजकारणात असे शब्द नव्हे, माणसं असतात. मराठीत आल्यावर त्याला दोनच कामं उरली आहेत. पोट अपसेट असतं, नाहीतर सून.

आता बसवण्याकडे येतो. इंग्रजीचे ते चारशे तीस अर्थ ऐकून दडपून जायचं कारण नाही, असं मी का म्हणतो ते बघा. अंगठीत खडा बसवतात, इंग्रजही खडा सेटच करतो. मोडलेलं हाड बसवतात, तोही हाड सेट करतो. कोंबडी अंड्यांवर बसवतात, तिथेही हेच क्रियापद. कुठला ऑक्सफर्डशायरचा शेतकरी आणि कुठली आपली मावळातली आजी! दोघांची कधी गाठ पडली नाही, पण कोंबडीच्या बाबतीत दोघांचं एकमत. बसण्याला प्रत्यय लावून बसवलं की काय काय करता येतं, हे दोन भाषांना स्वतंत्रपणे सुचलं.

आणि काही ठिकाणी आपण पुढे गेलोय. आपण नाटक बसवतो. इंग्रजाचा फक्त सेट स्टेजवर उभा असतो, नाटक बसवायचं त्याला सुचलं नाही. गल्लीतल्या गणेशोत्सवात "यंदा कुठलं नाटक बसवताय?" असं विचारतात तेव्हा त्या एका शब्दात तालमी, रुसवे, ऐनवेळी आजारी पडणारी नायिका आणि वर्गणीचा हिशोब सगळं येतं. आपण गाणं बसवतो, लेझीम बसवतो, स्नेहसंमेलनासाठी पहिलीच्या चाळीस मुलांचा नाच बसवतो. तो प्रत्यक्षात उभ्याने असतो आणि त्यातली निम्मी मुलं रडत असतात, पण म्हणायचं बसवला.

नुसत्या 'बसणे'कडे पाहिलं तर मोलेसरशास्त्र्यांची कीव येते. घसा बसतो, धक्का बसतो, चटका बसतो, दातखीळ बसते. विश्वास बसतो, मेळ बसतो, जम बसतो, हात बसतो. गणपती बसतात, घट बसतात, मुलं दहावीला बसतात. झाकण बसतं, पॅन्ट बसत नाही. भिंत बसते, धंदा बसतो, गाडीचा टायर बसतो, ऐन पावसात चिखलात बैल बसतो. शिवाय कुठल्याही क्रियापदाच्या शेपटीला लागून हा स्वभाववर्णन करतो: बोलत बसला, रडत बसली, वाट बघत बसलो. एवढं सगळं करून संध्याकाळी मित्राचा फोन येतो, "आज बसू या का?" आणि यात कुठे, कशावर हे विचारायचं नसतं. फक्त सोबत काय आणायचं एवढंच विचारायचं असतं. घरी सांगताना हेच "जरा मीटिंगला बसायचंय" असं होतं, तेही खोटं नसतं.

मग इतकं कर्तबगार क्रियापद घरात असताना आपण सेट कशाला आणला? इंग्रजीची हौस, गुलामी, मुलांच्या शाळा वगैरे नेहमीची कारणं आहेतच, आणि ती सांगणाऱ्यांची भाषणंही व्यवस्थित बसवलेली असतात. माझ्या मते कारण वेगळं आहे. वरची यादी पुन्हा वाचा. मराठीत ज्याचं बसतं त्याचं बहुतेकदा वाईट होतं. धंदा बसला म्हणजे बुडाला. भिंत बसली म्हणजे ढासळली. घसा, टायर, बैल, कोणाचंच बसून भलं झालेलं नाही. आणि माणूस बसला तर? "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "बसलाय" हे उत्तर देऊन बघा. स्थळ तिथेच उठेल. इंग्रज म्हणेल बसवला गेला म्हणजे स्थिर झाला. मराठी सासरा म्हणेल, बसलाय म्हणजे रिकामा आहे.

जुनी मराठी माणसं मुलाबद्दल म्हणायची "मार्गी लागला". छान शब्द आहे. वाटेला लागला, चालतोय, पोचेल कुठेतरी. हाताला काम लागलं, कामाला लागला, रांकेला लागला, सगळ्यांत काहीतरी लागायचं आणि मग चालायचं. आताच्या आईबापांना मुलगा चालताना बघायची हौस उरलेली नाही. त्यांना तो पोचलेला हवा, लिफ्टने, कव्हर्ड पार्किंगसकट. हे सांगायला 'मार्गी' पुरत नाही आणि 'बसलाय' म्हणायची सोय नाही. तिथे सेट कामाला आला. बसण्याचं सारं सुख त्यात आहे आणि बसलेल्याची बदनामी नाही. एवढ्यासाठी परदेशी शब्द आणला असेल तर तो खर्च मी मंजूर करायला तयार आहे.

नाम म्हणून येणारा सेट, म्हणजे कपबशांचा, साड्यांचा, पुस्तकांचा, हा मात्र सरळसोट याच रांगेतला नाही. बसवणाऱ्या सेटचं थोडं रक्त त्यात मिसळलंय, पण त्याचा दुसरा पूर्वज जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्टा'पर्यंत जातो. सेक्टा म्हणजे पंथ, एकाच्या मागोमाग चालणाऱ्यांचा समूह. तिथला मागे चालण्याचा धातू संस्कृतात गेला की त्याचा 'सखा' होतो आणि 'सचिव' होतो. थोडक्यात कपबशांचा सेट हा एक पंथच आहे, आणि पंथांचं जे होतं तेच त्याचं होतं. लग्नात सहा कप येतात. वर्षभरात एक फुटतो. मग उरलेले पाच पाहुण्यांपुढे जायच्या योग्यतेचे राहत नाहीत, ते रोजच्या वापरात येतात आणि झपाट्याने नामशेष होतात. बशा मात्र सहाच्या सहा, पिढ्यान्‌पिढ्या. नववीच्या गणिताच्या पुस्तकात सेटला 'संच' म्हणतात आणि रिक्त संचही संचच मानतात. गणितवाल्यांच्या घरी कप फुटत असणार.

सोनाराकडचा सेट हा पंथाहून कडक. त्यात हार घेतला की कानातलं घ्यावंच लागतं, कानातलं घेतलं की अंगठी. "नुसता हार नाही का मिळणार?" असं विचारणाऱ्या नवऱ्याकडे दुकानदार आणि बायको एकाच वेळी ज्या नजरेने बघतात, तिला धर्मसभेतली नजर म्हणता येईल.

सेटचा सख्खा भाऊ सेटल. जुन्या इंग्रजीत 'सेत्ल' म्हणजे बसायचं आसन. आपल्याकडे याने आधी महसूल खात्यात नोकरी धरली. पुण्यात बसणारे जमाबंदी आयुक्त इंग्रजीत आजही सेटलमेंट कमिशनर असतात. पोरगा अमेरिकेत सेटल होतो, कोर्टातलं भांडण बाहेर सेटल होतं. पण याच शब्दाची एक वस्ती सोलापुरात आहे, तिथे विनोद जरा आखडतो. इंग्रज सरकारने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि माणसांना तारेच्या कुंपणात कोंडलं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. त्या कुंपणाला नाव काय दिलं? सेटलमेंट. १८७१चा तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तार गेली, पण वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. कोशातल्या कुठल्या अर्थात हे बसवायचं ते कोशकारांनी बघावं.

'सेटिंग' हे मात्र आपलं स्वतःचं उत्पादन. इंग्रजाची सेटिंग म्हणजे खड्याचं कोंदण, सूर्याचं बुडणं किंवा फोनमधलं चक्राचं चित्र. आपली सेटिंग टेबलाखालून चालते. टेंडर निघालं की सेटिंग, बदली हवी की सेटिंग, कॉलेजातली दोघं एकाच वेळी गैरहजर असली की सेटिंग. "वरपर्यंत सेटिंग आहे" असं सांगणाऱ्याला वर म्हणजे कुठपर्यंत हे विचारायची पद्धत नाही. ज्याची खरी सेटिंग असते तो बोलत नाही आणि जो बोलतो त्याचं काम होत नाही. मध्ये आपले पैसे जातात.

जाता जाता सेट टॉप बॉक्सचाही उल्लेख करायला हवा, कारण त्याच्यासारखी परवड कोणाची झाली नाही. टीव्ही सेटच्या टॉपवर बसणार म्हणून हे नाव. पुढे टीव्ही इतका चपटा झाला की त्याच्यावर पाल बसणं मुश्कील. बॉक्स उतरला शोकेसच्या खणात, नाव मात्र टॉपचंच. निवृत्त खातेप्रमुखांना इमारतीत मरेपर्यंत साहेबच म्हणतात, त्यातलाच प्रकार.

सेटचा सर्वाधिक अर्थांचा विक्रमही आता राहिलेला नाही. ऑक्सफर्ड कोशाची तिसरी आवृत्ती तयार होऊ लागली तशी आधी 'मेक'ने, मग 'पुट'ने त्याला मागे टाकलं आणि २०११ साली 'रन'ने ६४५ अर्थांसह पहिला नंबर पटकावला. बसवणाऱ्याला धावणाऱ्याने हरवलं, यात बातमी काही नाही. मला कुतूहल वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. इंग्रजाचं दुकान धावतं, यंत्र धावतं, संस्था धावते. तेच सगळं मराठीत चालतं. दुकान चालतं, घड्याळ चालतं, संसार चालतो, सरकार चालतं. आपल्याकडे कोणी धावत असेल तर तो माणूस, पाण्याच्या टँकरमागे किंवा एसटीमागे. आपला सगळा कारभार चालीचा. त्यातून शनिवारी दुपारी कोणी विचारलं, "चालेल ना?" तर आपण म्हणतो, "चालेल." इतक्या संथपणाचं क्रियापद कोशात पहिलं यायची आशा नाही.

बसवणे आणि सेट होणे यांची वाटणी मात्र मराठीने परस्पर करून टाकली आहे, आणि ती कोणत्याही कोशात मला सापडलेली नाही. ती समजली आमच्या इमारतीत जिन्यापाशी फरशी घालायला आलेल्या मिस्त्रींकडून. दिवसभर गुडघ्यांवर बसून त्यांनी काम उरकलं, थापी धुतली आणि सांगितलं, "काका, फरशी बसवून झाली. आता सेट व्हायला रात्रभर ठेवा. कोणी पाय द्यायचा नाही." म्हणजे बसवतो तो माणूस. सेट होते ती वस्तू, आपली आपण, आपल्या वेळाने, आणि तिथे मिस्त्रीचंही काही चालत नाही. दही असंच, सिमेंट असंच. आईबाप मुलाला कुठे कुठे बसवतात, शाळेत, क्लासला, बोहल्यावर. सेट व्हायचं ते त्याचं तो बघतो, किंवा बघत नाही.

मिस्त्रींनी दोन रिकामे डबे ठेवून मध्ये सुतळी बांधली. खडूने मोठ्या अक्षरांत 'काम चालू आहे' असं लिहिलं, काम खरं तर थांबलं होतं तरी. लहान मुलांना दम दिला. कुत्र्याला हाकललं. रात्री सगळे आपापल्या घरात गेले. नऊच्या सुमाराला सोसायटीचे सचिव काम कसं झालंय याची जातीने पाहणी करायला खाली उतरले, सुतळी ओलांडली आणि सेट झालंय का हे नीट कळावं म्हणून कोपऱ्यातल्या ओल्या सिमेंटवर पूर्ण वजनानिशी उभे राहिले.

फरशी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवावी लागली नाही. कोपरा तसाच ठेवायचं सभेत ठरलं, खर्च कोणाच्या नावावर टाकायचा यावर एकमत झालं नाही म्हणून. बुटाचा ठसा मात्र सुरेख बसला आहे. टाचेवरचं कंपनीचं नावसुद्धा वाचता येतं.